कोलायडरमधील एन्टँगलमेंट: जे मोजले तेवढेच सांगावे, यासाठी खुले पत्र

प्रति,
कोलायडरवर क्वांटम एन्टँगलमेंटची मापने करणारे प्रयोगगट, त्यांची प्रसिद्धी-कार्यालये आणि ही मापने छापणाऱ्या शोधनियतकालिकांचे संपादक यांस,

सविनय नमस्कार.

सर्न प्रयोगशाळेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरवर टॉप क्वार्क आणि त्याचा प्रतिकण यांच्या जोडीत एन्टँगलमेंट, म्हणजे दोन कणांच्या अवस्था स्वतंत्रपणे सांगता न येण्याइतका गुंता, आढळल्याचे तिथल्या ॲटलास प्रयोगगटाने सप्टेंबर 2023 मध्ये जाहीर केले आणि वर्षभराने, सप्टेंबर 2024 मध्ये, तो निकाल ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. सीएमएस गटानेही 2024 मध्ये स्वतंत्र विश्लेषणातून तोच निष्कर्ष मांडला. तेव्हापासून या विषयावर शोधनिबंधांचा आणि बातम्यांचा ओघ सुरू आहे, आणि त्या ओघात दोन विधाने एका दमात सांगून टाकण्याची सवय रूढ होत चालली आहे. पहिले विधान असे, की या जोडीतल्या दोन कणांचे स्पिन (कणाचा अंगभूत कोनीय संवेग) एकमेकांत गुंतलेले असल्याचे मापनातून निष्पन्न झाले. दुसरे असे, की त्यामुळे क्वांटम यामिकी विरुद्ध स्थानिक वास्तववाद (कणांचे गुणधर्म मापनाआधीच ठरलेले असतात आणि कोणताही प्रभाव प्रकाशाहून वेगाने पोहोचत नाही, ही भूमिका) हा जुना खटला आता सर्वोच्च ऊर्जेवरही निकालात निघाला. पहिले विधान मला मान्य आहे आणि त्याचे मोल मी जाणतो. दुसरे विधान पहिल्यातून निघत नाही, आणि ते निघत नाही हे आपल्यालाही ठाऊक आहे. हा मुद्दा एबल, डिटमार आणि ड्राइनर यांनी 1992 मध्येच छापून मांडला होता. त्याचे समाधानकारक खंडन झाले असते तर या पत्राची गरज नव्हती. पण खंडन न करता त्याला तळटीपेत ढकलण्याचा जो प्रघात पडला आहे, त्यावर गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

हे पत्र आताच लिहिण्याचे कारणही सांगतो. युरोपच्या कणभौतिकी धोरणाच्या नूतनीकरणासाठी 2025 मध्ये जी निवेदने मांडली गेली, त्यांत कोलायडरवरील क्वांटम-माहितीच्या अभ्यासाचाही समावेश होता. पुढच्या पिढीचे यंत्र कोणते असावे, 91 किलोमीटर परिघाचा बोगदा खोदावा की नाही, अशा प्रश्नांशी हा विषय आता जोडला गेला आहे. वर्गात किंवा परिसंवादात थोडी सैल भाषा वापरली तर फारसे बिघडत नाही; पण जी भाषा सार्वजनिक पैशाच्या निर्णयापर्यंत पोहोचते, तिचा हिशेब चोख असला पाहिजे.

माझा या प्रकरणाशी संबंध काय, हेही सांगायला हवे. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि सर्वसामान्य वाचकांसाठी त्यावर लिहितो. जॉन बेल यांचे 1964 चे प्रमेय शिकवताना माझा सर्वाधिक वेळ एकाच गोष्टीवर जातो: कण निघाल्यानंतर, तो पोहोचण्याआधी, मापनाची दिशा निवडण्याचे स्वातंत्र्य प्रयोगकर्त्याला असते, आणि त्या स्वातंत्र्याशिवाय बेलच्या असमानतेचा, म्हणजे स्थानिक वास्तववाद मानल्यास सहसंबंधांवर पडणाऱ्या मर्यादेचा, सगळा युक्तिवाद उभाच राहत नाही. हे शिकवून झाल्यावर एका विद्यार्थिनीने एका संस्थेचे प्रसिद्धिपत्रक माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, “सर, टॉप क्वार्कसाठी पोलरायझर कोणी फिरवला?” (पोलरायझर म्हणजे प्रकाशकणांच्या प्रयोगांत मापनाची दिशा ठरवणारी चाळणी.) पत्रकात आइन्स्टाइन पुन्हा एकदा चुकीचे ठरल्याचा सूर होता, मात्र तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. कोणीच फिरवला नाही, आणि फिरवता येणारही नाही, हे उत्तर मी दिले. त्यावर तिचा पुढचा प्रश्न असा होता, की मग हे असे का लिहिले आहे. तो प्रश्न मी आपल्याकडे पाठवत आहे.

तक्रारींकडे वळण्याआधी प्रत्यक्ष काय मोजले गेले ते जवळून पाहू, कारण वादाचे मूळ तिथेच आहे. टॉप क्वार्कचे वस्तुमान सुमारे 173 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे जवळजवळ टंगस्टनच्या अख्ख्या अणूएवढे. तो सुमारे 5×10⁻²⁵ सेकंदात नष्ट होतो. इतर क्वार्क हॅड्रॉनच्या कोशात शिरतात आणि त्यांच्या स्पिनची माहिती पुसली जाते. टॉपला तेवढी सवडच मिळत नाही, त्यामुळे त्याचा स्पिन त्याच्या क्षयातून निघणाऱ्या कणांच्या दिशांमध्ये उतरतो. त्या कणांत विद्युतभारित लेप्टॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन, हा सर्वांत विश्वासू निरोप्या. ॲटलास गटाने 2015 ते 2018 या काळातल्या 13 टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या टकरींमधून एक इलेक्ट्रॉन आणि विरुद्ध भाराचा एक म्युऑन असलेल्या घटना निवडल्या, जोडीचे एकत्रित वस्तुमान 340 ते 380 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात असलेल्या घटना वेगळ्या काढल्या, प्रत्येक लेप्टॉनची दिशा त्याच्या जनक टॉपच्या विराम-चौकटीत (ज्या चौकटीत तो टॉप स्थिर असतो) काढली आणि त्या दोन दिशांमधल्या कोनाच्या कोसाइनची सरासरी घेतली. तिला उणे तीनने गुणले की D ही राशी मिळते. D हा उणे एक-तृतीयांशाच्या खाली गेला, तर ती अवस्था दोन स्वतंत्र कणांच्या अवस्थांच्या मिश्रणाने समजावता येत नाही, म्हणजेच ती गुंतलेली आहे. ॲटलासला −0.537 मिळाले; सांख्यिक अनिश्चितता 0.002 आणि पद्धतशीर अनिश्चितता 0.019. कोसाइनच्या भाषेत सांगायचे तर गुंत्याची सीमा सरासरी 0.11 ला येते आणि मापन 0.18 च्या आसपास आहे. लाखो टकरींच्या ढिगाऱ्यातून, निसटून गेलेल्या दोन न्यूट्रिनोंचा माग गणिताने काढून, हा फरक पाच सिग्मांहून (सिग्मा म्हणजे मापनाच्या अनिश्चिततेचे एकक) अधिक खात्रीने दाखवणे हे असामान्य कसब आहे. त्या कसबाविषयी माझी काहीही तक्रार नाही. ॲटलासच्या निबंधात बेलच्या असमानतेचा भंग झाल्याचा दावा केलेला नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

आता तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार गृहीतकाविषयी आहे. प्रयोगशाळेतल्या बेल-चाचणीत दोन टोकांना दोन यंत्रे असतात आणि प्रत्येक यंत्राची दिशा निवडता येते. फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी 1972 मध्ये ही चाचणी प्रत्यक्षात आणली. आस्पे यांच्या गटाने 1982 मध्ये फोटॉन वाटेत असतानाच दिशा बदलण्याची सोय केली. 2015 मध्ये डेल्फ्टच्या गटाने 1.3 किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांमधल्या इलेक्ट्रॉन-स्पिनवर प्रयोग करून मुख्य पळवाटा (स्थानिक स्पष्टीकरणाला वाव ठेवणाऱ्या प्रयोगातल्या त्रुटी) एकाच वेळी बंद केल्या, आणि त्याच वर्षी व्हिएन्ना आणि अमेरिकेतल्या प्रयोगांनी फोटॉनांवर तेच साधले. 2022 चे नोबेल आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना मिळाले ते या परंपरेसाठी. या सर्व प्रयोगांचा कणा एकच आहे: निघताना कणांना आपली कोणती परीक्षा होणार हे माहीत नसते, म्हणून जन्मतः सोबत आणलेल्या सूचनांमध्ये प्रत्येक संभाव्य प्रश्नाचे उत्तर असावे लागते, आणि अशा उत्तरांचा संच एका मर्यादेपलीकडे सहसंबंध दाखवू शकत नाही.

कोलायडरमध्ये प्रश्न विचारलाच जात नाही. टॉप क्वार्क आपल्या लयीत क्षय पावतो, लेप्टॉन एका दिशेला जातो, डिटेक्टर त्या लेप्टॉनचा संवेग नोंदवतो. नोंदवले जातात ते फक्त संवेग. हे सर्व संवेग एकाच वेळी ठरवता येणाऱ्या राशी आहेत, आणि त्यांच्या एकत्रित वितरणात कुठेही ऋण संभाव्यता येत नाही. मग कोणीही असे म्हणू शकतो, की प्रत्येक जोडी जन्मतःच आपले दोन लेप्टॉन कोणत्या दिशांना जाणार याची चिठ्ठी घेऊन येते, आणि या चिठ्ठ्यांचे वितरण क्वांटम यामिकी सांगते तसेच असते. हे प्रतिमान स्थानिक आहे, ते तुमच्या प्रत्येक आलेखाशी तंतोतंत जुळते आणि तुमच्या डेटातला एकही बिंदू त्याला खोटे ठरवत नाही. ते कृत्रिम आहे, कोणाला ते आवडणार नाही, मलाही आवडत नाही. पण आवडत नाही म्हणून ते नाकारले गेले असे होत नाही. 1992 च्या निबंधाचा गाभा हाच आहे. लेप्टॉनच्या दिशेवरून टॉपच्या स्पिनकडे जाणारा पूल क्वांटम यामिकीचा बांधलेला आहे, आणि त्या पुलावरून चालत जाऊन क्वांटम यामिकीची स्थानिक वास्तववादावर सरशी झाली असे जाहीर करणे म्हणजे फिर्यादीनेच निकालपत्र लिहिण्यासारखे आहे.

हा पेच नवा नाही, आणि आपल्या आधीच्या पिढीने तो अधिक प्रांजळपणे हाताळला होता, म्हणून मला अधिक वाईट वाटते. वू आणि शाक्नोव्ह यांनी 1950 मध्ये पॉझिट्रॉन-इलेक्ट्रॉन विलोपनातून निघणाऱ्या दोन गॅमा फोटॉनांच्या ध्रुवणातला सहसंबंध मोजला. एवढ्या ऊर्जेच्या फोटॉनांसाठी पोलरायझर मिळत नाही, म्हणून त्यांचे ध्रुवण कॉम्प्टन विकिरणाच्या दिशेवरून ताडावे लागते, आणि त्या ताडण्यात क्वांटम सिद्धांताचे सूत्र वापरावे लागते. वू यांनी कॅसडे आणि उलमन यांच्यासह 1975 मध्ये याच प्रकारच्या मापनाकडे बेलच्या दृष्टीने पाहिले, तेव्हा जादा गृहीतके घेतल्याशिवाय या प्रयोगातून स्थानिक प्रतिमानांविरुद्ध काही सिद्ध होत नाही हे त्यांनी निबंधातच मोकळेपणाने मांडले. आजच्या लेप्टॉनची जागा तेव्हा कॉम्प्टन विकिरण झालेल्या फोटॉनाने घेतली होती, एवढाच काय तो फरक. त्यांच्या निबंधाचे वजन या कबुलीने तसूभरही घटले नाही.

दुसरी तक्रार मोजपट्टीची आहे. लेप्टॉन आपल्या जनकाच्या स्पिनची माहिती किती निष्ठेने वाहून नेतो, हा आकडा टॉपच्या बाबतीत जवळजवळ 1 धरला जातो आणि तो कणभौतिकीच्या प्रमाणित प्रतिमानातून (स्टँडर्ड मॉडेलमधून) घेतलेला असतो. बहुतेकांना यात खटकण्यासारखे काही वाटत नाही. ज्यांना वाटत नाही त्यांनी लॅम्डा कणाची कहाणी आठवावी. लॅम्डा आणि प्रतिलॅम्डा यांच्या जोडीतून क्वांटम यामिकीची कसोटी घ्यावी ही सूचना टॉर्नक्विस्ट यांनी 1981 मध्येच केली होती. त्या कसोटीत लॅम्डाच्या क्षयाचा असममिती-गुणांक मोजपट्टीचे काम करतो. तो गुणांक कित्येक दशके 0.642 धरला जात होता, संदर्भग्रंथांत तोच छापला जात होता, आणि त्याची अनिश्चितता दीड शतांशाहूनही कमी सांगितली जात होती. 2019 मध्ये बीजिंगच्या बीईएस-3 प्रयोगाने तो 0.750 असल्याचे दाखवले. दोन्ही बाजूंच्या क्षयांत हा गुणांक येत असल्यामुळे स्पिन-सहसंबंध काढताना त्याचा वर्ग लागतो. म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांच्या वर्गांत एक-तृतीयांशाहून अधिक तफावत आहे. ज्याने जुन्या मोजपट्टीने गुंत्याचे माप काढले असते, त्याचे उत्तर त्याच प्रमाणात फुगले असते. आणि खरी मेख पुढे आहे: नवा आकडा जे-साय कणाच्या क्षयातून जन्मलेल्या, स्पिनने एकमेकांत गुंतलेल्या लॅम्डा जोडीच्या कोनीय वितरणातून, क्वांटम यामिकीची सूत्रे लावूनच काढलेला आहे. कणभौतिकीसाठी तो उत्कृष्ट आहे. पण तोच गुणांक घेऊन त्याच प्रकारच्या जोडीवर क्वांटम यामिकीची स्वतंत्र कसोटी झाली असे म्हणताना निदान एकदा थांबायला हवे, आणि थांबल्याचे निबंधाच्या सारांशात दिसायला हवे.

तिसरी तक्रार थोडक्यात सांगता येते, पण तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. समजा, माझी पहिली तक्रार बाजूला ठेवली आणि क्वांटम यामिकी पूर्णपणे गृहीत धरली. तरीही गुंतलेली अवस्था म्हणजे बेलची असमानता मोडणारी अवस्था नव्हे. तिन्ही दिशांना सहसंबंध सारखाच आहे असे मानले, तर D उणे 0.333 च्या खाली गेला की गुंता सिद्ध होतो. पण बेलच्या असमानतेचे जे रूप सर्वत्र वापरले जाते, ते मोडायला तो उणे 0.707 च्या खाली जावा लागतो. −0.537 हा आकडा या दोन सीमांच्या मधोमध पडतो. सीएमएस गटाने उंबरठ्यालगतच्या, म्हणजे टॉपची जोडी जेमतेम तयार होऊ शकेल एवढ्या ऊर्जेच्या, विश्लेषणात, दोन टॉप क्षणभर एकमेकांना बांधलेले असण्याची शक्यताही हिशेबात घेऊन, −0.480 मिळवले; तेही या दोन सीमांमध्येच आहे. ही साधी अंकरेषा एखाद्या प्रसिद्धिपत्रकात छापली असती, तर अर्ध्याहून अधिक गैरसमज जन्मालाच आले नसते.

चौथी तक्रार ‘प्रकाशालाही पोहोचता येणार नाही’ या वाक्प्रयोगाची. सीएमएसने दुसऱ्या एका विश्लेषणात 800 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टहून अधिक वस्तुमानाच्या जोड्या घेतल्या, जिथे दोन्ही टॉप प्रचंड वेगाने परस्परांपासून दूर जातात आणि बहुतांश घटनांत दोघांच्या क्षयांमध्ये प्रकाशाच्या वेगानेही निरोप पोहोचू शकत नाही. तिथेही 6.7 सिग्मांनी गुंता दिसला. हे मापन सुंदर आहे आणि ते उंबरठ्यालगतच्या मापनाला पूरकही आहे. मात्र अशी दुरावलेली स्थिती महत्त्वाची ठरते ती दोन टोकांच्या मापन-निवडी एकमेकींपासून लपवायच्या असतात तेव्हा. जिथे निवडच नाही, तिथे काय लपवले? हे न सांगता केवळ अंतराचा उल्लेख केला, की वाचकाला डेल्फ्टचा प्रयोग आठवतो आणि जी पळवाट कोलायडरमध्ये बंद झालेलीच नाही, ती बंद झाली असे तो समजून बसतो.

पाचवी बाब तज्ज्ञांपुरती आहे, तरी तिचा उल्लेख टाळणे बरे नव्हे. ॲटलासच्या मापनात उणे एक-तृतीयांशाची सीमा जशीच्या तशी वापरता आली नाही. डिटेक्टरला दिसणाऱ्या कणांच्या पातळीवर ती आणण्यासाठी संगणकीय प्रतिरूपणाची मदत घ्यावी लागली आणि ती −0.322 च्या आसपास आली. प्रतिरूपणाचा अंदाज मुळात −0.47 च्या आसपास होता, म्हणजे निसर्गाने अंदाजापेक्षा अधिक गुंता दाखवला. शिवाय कण-वर्षावाचे दोन निरनिराळे संगणकीय कार्यक्रम वापरले तर ही सीमा थोडीफार सरकते. 2025 मध्ये दोन्ही गटांनी उंबरठ्यावर जोड्यांचे जे आधिक्य जाहीर केले, त्यातून त्या पट्ट्यातले आपले आकलन अजून पक्के व्हायचे आहे हे उघड झाले. निष्कर्ष यामुळे डळमळत नाही. पण ज्या पट्ट्यात निष्कर्ष काढला, त्याच पट्ट्यात प्रतिरूपण अपुरे असल्याची वस्तुस्थिती मजकुराच्या दर्शनी भागात यायला हवी होती.

या तक्रारींवर मला मिळणारे उत्तर मी ऐकून आहे: क्वांटम यामिकीवर आज कोणालाच शंका नाही, मग एवढा काथ्याकूट कशासाठी? शंका नाही हे खरे. पण तसे असेल तर ‘कसोटी’ हा शब्दप्रयोग कशासाठी? एक तर सिद्धांत गृहीत धरून त्याच्या साहाय्याने टॉपचे स्पिन मोजायचे, ही एक भूमिका. ती संपूर्णपणे प्रतिष्ठेची आहे. किंवा सिद्धांतालाच आव्हान द्यायचे, ही दुसरी भूमिका. तिच्यासाठी पर्याय कोणता होता, तो आधी ठरवला होता का आणि डेटाने तो कितपत नाकारला, हे सांगावे लागते. दोन्ही भूमिकांचे श्रेय एकाच आलेखावर घेता येत नाही.

दुसरी भूमिका कोलायडरवर अशक्य आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. जपानमधल्या त्सुकुबा येथील बेल प्रयोगाने (जॉन बेल यांच्याशी या नावाचा संबंध नाही) 2007 मध्ये बी-मेसॉनांच्या गुंतलेल्या जोड्यांवर जे केले, ते मला आजही आदर्श वाटते. त्यांनी बेलच्या असमानतेचे नाव घेऊन ढोल वाजवले नाहीत. जोडीतल्या दोन क्षयांमधल्या वेळेच्या फरकानुसार असममिती कशी बदलते ते त्यांनी मोजले, डिटेक्टरचे सर्व परिणाम त्यातून काढून टाकले आणि मग ते वितरण तीन निश्चित प्रतिमानांपुढे ठेवले: क्वांटम यामिकी, जोडी निर्माण होताच गुंता सुटतो असे मानणारे प्रतिमान, आणि पोम्पिली व सेलेरी यांचे स्थानिक वास्तववादी प्रतिमान. पहिले जुळले, दुसरे 13 सिग्मांनी आणि तिसरे 5.1 सिग्मांनी मागे पडले. उद्या कोणी चौथे प्रतिमान मांडले, तर त्याला तेच दुरुस्त वितरण घेऊन स्वतः पडताळणी करता येईल. त्याआधी सर्नच्या सीपीएलइएआर प्रयोगाने 1998 मध्ये तटस्थ केऑनांच्या जोडीवर याच वळणाची चाचणी घेतली होती. हा मार्ग पायाखालचा आहे. फक्त त्यावरून चालण्याऐवजी अधिक चमकदार मथळ्याचा रस्ता का धरला गेला, हे मला समजत नाही.

आणि टॉपच्या मापनाचे खरे मोलही मथळ्यांनी झाकोळले जाते, याची खंत तक्रारींपेक्षा कमी नाही. मुक्त क्वार्कांच्या जोडीतला गुंता या मापनांपूर्वी दिसला नव्हता. अनोख्या कणांनी टॉपच्या निर्मितीत ढवळाढवळ केली, तर स्पिन-सहसंबंधाचा साचा बदलेल. म्हणून D आणि त्याची भावंडे नव्या भौतिकीचा शोध घेण्याची नाजूक हत्यारे आहेत. हिग्ज बोसॉनपासून निघणाऱ्या दोन डब्ल्यू किंवा दोन झेड कणांमध्ये स्पिनच्या दोनऐवजी तीन अवस्था असतात आणि त्यांचे संपूर्ण अवस्था-चित्र रेखाटणे हे स्वतंत्र आव्हान आहे. टाऊ जोड्यांवर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरवर असेच काम होऊ शकते. हे सगळे सांगण्याजोगे आहे, आणि ते सांगताना आइन्स्टाइनना पुन्हा पिंजऱ्यात उभे करण्याची गरज पडत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रयोगगटांकडे: एन्टँगलमेंटच्या प्रत्येक निबंधाच्या सारांशात, शेवटच्या चर्चेत नव्हे, क्वांटम यामिकी आणि क्षयाविषयीचे प्रमाणित प्रतिमानाचे गणित गृहीत धरले आहे हे एका वाक्यात लिहावे. ‘बेलच्या असमानतेचा भंग’ हे शब्द वापरायचे असतील, तर मापनाच्या दिशा कोणी आणि केव्हा निवडल्या याचे उत्तर त्याच परिच्छेदात द्यावे. उत्तर नसेल तर ते शब्द वापरू नयेत. एका D च्या जोडीला डिटेक्टरचे परिणाम वजा केलेली संपूर्ण कोनीय वितरणे आणि सर्व स्पिन-गुणांकांमधले परस्परसंबंध, अनिश्चिततांच्या सारणीसह, खुल्या संग्रहात ठेवावेत. काही विश्लेषणांत हे झाले आहे. ते सर्वांनी करावे. आणि ‘कसोटी’ म्हणायचे असेल, तर कोणत्या पर्यायी प्रतिमानाविरुद्ध, हे डेटा उघडण्याआधी नोंदवावे.

यंत्रांची आखणी करणाऱ्यांकडे: पुढच्या कोलायडरच्या प्रस्तावात क्वांटम मापनांचा उल्लेख करताना, ध्रुवित शलाका, उंबरठ्यालगतच्या घटना टिपणारे ट्रिगर आणि टाऊच्या क्षयबिंदूंची अचूकता यांपैकी नेमके काय हवे आणि त्यातून कोणती राशी किती सुधारेल, हे लिहावे. ‘क्वांटम यामिकीच्या पायाची परीक्षा’ एवढे मोघम कारण धोरणाच्या कागदात राहू देऊ नये.

प्रसिद्धी-कार्यालयांकडे एकच मागणी आहे: पत्रक बाहेर पडण्यापूर्वी त्या निबंधाच्या लेखकांव्यतिरिक्त, क्वांटम यामिकीच्या पायाभूत प्रश्नांवर काम करणाऱ्या एका तरी व्यक्तीला ते वाचायला द्यावे. निबंधात नसलेला दावा पत्रकात शिरला असेल, तर तो तिथेच गाळला जाईल.

संपादकांकडे: ज्या निबंधाच्या शीर्षकात स्थानिकता किंवा बेल यांचे नाव आहे, त्याच्या परीक्षकांमध्ये 1992 च्या आक्षेपाची बाजू नीट जाणणारा एक परीक्षक असावा, आणि लेखकांनी त्या आक्षेपाला दिलेले उत्तर निबंधाच्या मुख्य मजकुरात असावे. आक्षेप चुकीचा वाटत असल्यास तसे स्पष्टपणे लिहावे. तो चुकीचा असल्याचे सिद्ध झाले तर माझ्या विद्यार्थ्यांना ते शिकवायला मी तयार आहे.

लार्ज हॅड्रॉन कोलायडरचा हाय-ल्युमिनॉसिटी, म्हणजे कितीतरी अधिक टकरींचा, टप्पा सुरू होईल तेव्हा टॉप जोड्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढेल आणि या विषयावरचे निबंधही त्याच प्रमाणात वाढतील. वरीलपैकी एकाही मागणीला नवे यंत्र, नवा निधी किंवा नवी समिती लागत नाही; त्यामुळे आज सुरू असलेल्या विश्लेषणांपासूनच त्या अमलात आणाव्यात, अशी विनंती आहे.

कळावे,

आपला,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक